बिनहिशेबी वेळ

एकेकाळचे दोन प्रेमिक वीस-पंचवीस वर्षांनी युरोपातल्या एखाद्या आलिशान रेल्वेगाडीत समोरासमोर येतात, ही गोष्ट कादंबऱ्यांत आणि पडद्यावर वारंवार भेटते. १८८३ साली पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेस सुटली, तेव्हापासून अशा गाड्यांभोवती प्रणयाचं वलय आहे. मूळ गाडीचं वैभव ओसरल्यावर १९८२ साली जुने डबे दुरुस्त करून लंडन-व्हेनिस अशी ती नव्याने धावू लागली, त्यामागेही या वलयाचा वाटा होताच. आमच्या औंढा नागनाथ गावाला तर साधी रेल्वेही नाही. हिंगोली, वसमत नाहीतर परभणीला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची. तरीही ही गोष्ट मला परकी वाटत नाही. तिच्यातली मखमल, चांदीचे काटे-चमचे बाजूला सारले की एक प्रश्न उरतो: तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करायला दोन माणसांना काय लागतं?

श्रीमंती लागत नाही, हे गुलजार यांनी १९८७ च्या ‘इजाजत’मध्ये दाखवलं. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरून केलेल्या या चित्रपटात विभक्त झालेले पती-पत्नी पावसाळी रात्री एका स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये भेटतात आणि तिथेच सगळा भूतकाळ बोलला जातो. लागतो तो असा वेळ, ज्याचा हिशेब कुणाला द्यायचा नसतो. आसपासची माणसं अनोळखी, गाडी येईपर्यंत जायला दुसरी जागा नाही, आणि सकाळी दोघांनी आपापल्या वाटेने जायचं हे ठरलेलं. प्रवास ही मुभा देतो, म्हणून लेखकांना रेल्वे सापडते.

पण या कथांत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि माझं म्हणणं तिच्याविषयी आहे. ती दोघं आपण होऊन वेगळी झालेली असतात. चूक त्यांची, अहंकार त्यांचा, म्हणून पश्चात्तापही त्यांचाच. आमच्या भागातल्या बहुतेक ताटातुटी अशा झालेल्या नाहीत. कॉलेजात ओळख होते, घरी कुणकुण लागते, मुलगा दुसऱ्या जातीचा निघतो. तुळशीची लग्नं लागली की पाहुणे येऊन जातात, सुपारी फुटते आणि उन्हाळ्यात मुलगी नांदायला जाते. तिला विचारलेलं नसतं. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात दुसऱ्या जातीतल्या पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रिया जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास होत्या. उरलेल्यांपैकी कितीजणींचा दुसरा विचार होता, हे कुठल्या तक्त्यात मावणार?

कायदा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात-धर्म न पाहता नोंदणी विवाह करता येतो, पण आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पुण्या-मुंबईत ते ३० दिवस निभतात. जिथे कचेरीत येणारा प्रत्येक तिसरा माणूस मुलीच्या बापाला ओळखतो, तिथे ती नोटीस म्हणजे घरी धाडलेली खबर असते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर ‘आंतरजातीय’ वगळलं, पण सज्ञान माणसांच्या लग्नात सरकारने डोकवावं, ही कल्पना तशीच राहिली.

औंढ्यात हे घडावं याचं मला विशेष दुःख होतं. संत नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यात. नामदेव नागनाथापुढे कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागच्या बाजूला धाडलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे झालं, ही आख्यायिका औंढ्यात येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगितली जाते. मागे धाडलेल्या माणसाची बाजू देवाने घेतली, हे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्यांनी तरी आपल्या लेकरांना मागे धाडू नये.

मग पुनर्भेट होते कुठे? महाशिवरात्रीच्या यात्रेत. माहेरवाशिणी आलेल्या असतात, रथ ओढायला गाव लोटतं, आणि गर्दीत कुठेतरी दोघं समोर येतात. ‘कवा आलीस?’ ‘काल.’ ‘लेकरं?’ ‘दोन हायत.’ भावजय शेजारी उभी असते. एवढ्यावर संपतं. गावातल्या माणसाला वेटिंग रूम नसते.

म्हणून १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ही गोष्ट मला वरवर दिसते त्याहून मोठी वाटते. तिच्या आधीच्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला होता. पन्नाशीची बाई एकटी हिंगोलीला दवाखान्यात, परभणीला बहिणीकडे जाऊ लागली. ओरिएंट एक्स्प्रेसच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे काही असेल तर ती खिडकीजवळची तासा-दीड तासाची जागा. अर्थात तिकीट हा लहान अडथळा होता. ‘कुठं चाललीस, कोणासंगं?’ याला सवलत नाही. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ काढलं, तिथे उतारवयातली माणसं निदान एकत्र बसून सोबतीविषयी बोलतात. तालुक्याच्या गावात तसं बसायला ओटाही नाही.

घरी नवरा आहे, बायको आहे, त्यांच्यावर हा अन्याय नाही का, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. पण त्या नवऱ्यालाही लग्नाआधी कुणी खरं सांगितलं नव्हतं. पलीकडच्या घरातल्या बायकोलाही नाही. एका सोयरिकीच्या हट्टापायी दोन माणसं तुटली, एवढंच आपण मोजतो. फसवली गेली चार, आणि ती चौघंही यात्रेत त्याच रथाला हात लावतात. दोघांनी दिवसाढवळ्या, बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलण्याने त्या संसारांचं काही बिघडेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या मुलीने उद्या एखादं नाव घरात उच्चारलं, तर ते ऐकून घ्यायला या चौघांइतकं लायक गावात दुसरं कोण आहे?