तलवारीचे कौतुक

जयनगरात आम्ही राहतो त्या घराच्या वरच्या मजल्यावर एक कानडी अभियंते आहेत. वाचनाचा षोक दांडगा, त्यातही प्राचीन ग्रीसचा. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांनी आम्हांस मुद्दाम वर बोलाविले आणि मखमलीत गुंडाळलेली एक तलवार आमच्या हाती दिली. ग्रीक पायदळातील शिपाई बाळगीत तिच्या धर्तीवर ती त्यांनी एका कारागिराकडून हाताने घडवून घेतली होती. पाते जेमतेम दोन फुटांचे, दुधारी घाटाचे. मुठीपाशी बारीक, पुढे पानासारखे फुगलेले, टोकाशी पुन्हा निमुळते. धार मात्र मुद्दामच लावलेली नव्हती. आम्ही ती हातात तोलून पाहिली आणि तोंडातून 'वा!' निघून गेले. फायली उचलण्यापलीकडे ज्या हातांनी काही केले नाही, त्यांनाही त्या तोलाने क्षणभर भलतेच बळ आल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

जिना उतरताना मनात आले की, आपण वाहवा केली ती नेमकी कशाची?

आकाराची, असे सौंदर्याचे उपासक म्हणतील. कमळाची पाकळी सुंदर, तसेच ते पाते सुंदर. त्याने काय केले हा प्रश्न गैरलागू. हे उत्तर सोयीचे आहे, पण आम्हांस पटत नाही. ते पाते पुढे फुगते ते शोभेसाठी नव्हे, घावाच्या जागी वजन यावे म्हणून. टोकाशी निमुळते होते ते भोसकता यावे म्हणून. ग्रीक शिपायाचे मुख्य हत्यार भाला. तो मोडला, रांगा एकमेकींस भिडल्या, हात लांबविण्यास जागा उरली नाही, म्हणजे ही आखूड तलवार बाहेर निघे. ज्या रेषेला आम्ही 'वा' म्हटले ती रेषा माणसाच्या शरीराचा अंदाज घेऊन काढलेली आहे. चांगला विळा पाहून गवत आठवते. चांगली तलवार पाहून काय आठवावे, हे आपण स्वतःस सहसा विचारीत नाही. होमराने 'इलियड'च्या अठराव्या सर्गात शस्त्रकारागिरीचे जे प्रदीर्घ कौतुक केले आहे ते ढालीचे आहे. देवांचा लोहार अकिलीजसाठी ढाल, चिलखत, शिरस्त्राण आणि पोटऱ्यांची कवचे घडवितो; तलवार घडवीत नाही. त्या ढालीवर वेढा पडलेले एक नगर आहे खरे, पण नांगरणी, सुगी, द्राक्षांचा मळा आणि नाचणारी तरुण मुलेमुलीही आहेत. कवीच्या मनात काही होते की नाही ते पंडितांनी ठरवावे.

आमच्या शेजाऱ्यांना एक सोय आहे. त्यांच्या तलवारीने मेलेले लोक दोन-अडीच हजार वर्षे दूरचे आहेत. आमची परीक्षा लौकरच जवळच्या तलवारीवर झाली.

नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती मिळविली. खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पाते एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. त्यावर मुठीजवळ देवनागरीत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग' अशी सोन्याची अक्षरे. विलायती पात्याची ती फिरंग, हा आपला जुनाच शब्द. म्हणजे परक्यांच्या तलवारीवर लुब्ध होणारे आमचे अभियंते पहिले नव्हेत! बातमी वाचून आम्ही हरखलो आणि परमुलखातील मराठी माणसाच्या उत्साहाने कचेरीत पेढे वाटले.

एका बंगाली सहकाऱ्याने पेढा घेतला, कशाचा म्हणून विचारले, आणि खाऊन झाल्यावर शांतपणे सांगितले, "आजी आम्हांस निजवीत असे, ती तुमच्याच लोकांचे भय घालून."

बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून रघूजींच्या फौजा वर्षामागून वर्षे बंगालवर गेल्या. कलकत्तेकरांनी भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला तो त्याच वर्षी. गंगाराम नावाच्या बंगाली कवीच्या 'महाराष्ट्रपुराणा'त जळालेली गावे आहेत आणि विटंबिलेल्या स्त्रिया आहेत. अखेर १७५१ च्या तहाने रघूजींस ओरिसा आणि सालिना बारा लाखांची चौथाई मिळाली. आमच्या जिभेवर उत्तरे होती: चौथाईचा हक्क, १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्कररामास भेटीस बोलावून केलेला दगा. ती खोटी नव्हती. परंतु आजीने भिवविलेल्या मुलास ती द्यावयाची कशी? आम्ही पेढ्यांचा पुडा मिटला.

जयनगरच्या अशोकस्तंभावरून आम्ही रोज जातो. त्या दिवशी परतताना प्रथमच ध्यानात आले की, रघूजींना मिळालेला ओरिसा म्हणजे पुष्कळसा अशोकाचाच कलिंग. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख धरून नेली गेली, हा हिशोब त्या राजाने स्वतःच शिलालेखात नोंदविला. तलवारीवर मात्र धन्याचेच नाव असते. आम्ही कारकून माणसे. खात्याची एकच बाजू लिहिलेली दिसली की आम्हांस चैन पडत नाही. तलवार परत आणली ते योग्यच झाले, असे आम्ही आजही म्हणू. ती घडविणाऱ्या हातांना आणि ती पेलणाऱ्या पराक्रमाला मान द्यावा, हेही म्हणू. पण पेढे वाटण्याआधी पलीकडच्या बाजूस कोण होते हे आम्हांस माहीत असावयास हवे होते. माहीत झाल्यावर तलवार कमी सुंदर वाटते काय? नाही, अवघड होऊन बसले आहे ते हेच.

ऑक्टोबरात आयुधपूजेला शेजाऱ्यांनी आपली ग्रीक तलवार मोटारीच्या किल्ल्या आणि मुलांचे संगणक यांच्या शेजारी मांडली, शेवंती वाहिली, कोहळा फोडला. आम्हीही एक फूल वाहिले. त्याच संध्याकाळी बंगाली सहकारी आम्हांस आपल्या मंडळाच्या दुर्गापूजेस घेऊन गेला. देवीच्या दहा हातांपैकी एकात तलवार होती. आमची नजर तिच्यावर खिळलेली पाहून तो हसला. "पत्र्याची आहे," असे म्हणून त्याने खिचडीचा द्रोण आमच्या हाती दिला.