आधी बोंडू

वेंगुर्ल्याकडच्या एका गावात अण्णांची काजूची बाग होती. मार्च लागला की पहाटेच सगळं घर बागेत. पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, उचलायचा, बी पिळून टोपलीत टाकायची, बोंडू तिथंच बुंध्याशी भिरकावायचा. बोंडू वजनाला बीच्या पाच ते दहा पट. म्हणजे झाडाच्या कमाईतला मोठा वाटा दर उन्हाळ्यात मातीत कुजायचा, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

एका वर्षी थोरल्या सुनेनं मनावर घेतलं. दिवसभर साचलेला बोंडवांचा ढीग तिनं संध्याकाळी पाट्या भरभरून घरी आणला. सकाळी पिळायला बसली तर रस आंबलेला, चोथ्याला घाण वास. सगळं उकिरड्यावर गेलं.

"बोंडवांत काय अर्थ नाय," अण्णा म्हणाले.

धाकटी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं चार झाडांखाली जाळी बांधली. मातीला न लागलेले, न फुटलेले बोंडू तेवढे वेचले, लगेच धुतले, उन्हं चढायच्या आत पिळले. रसात पेजेची निवळ घातली. गढूळ रसात हळूहळू पुंजके धरले, तळाशी बसले आणि वर निवळशंख पिवळा रस राहिला. घसा धरणारं टॅनिन पुंजक्यांबरोबर खाली गेलं होतं. चोथा तिनं मिठाच्या पाण्यातून काढला, वाफवला, फडक्यावर पातळ पसरून कडक वाळवला आणि दळला. नाचणीच्या पिठात मूठभर मिसळून घावणे घातले. अण्णांनी तीन खाल्ले.

थोरली हरखली. "हे पीठ विकूया, आणि पाकिटावर क जीवनसत्त्व लिहूया! बोंडवांत संत्र्याहून कितीतरी जास्त असतं."

"ताई, ते बरंचसं रसातून गेलं. उरलेलं वाफेनं आणि उन्हानं नेलं. पिठात आहे तो तंतू, पोटाला चांगला. तेवढंच लिहूया."

थोरलीनं मुकाट्यानं तेवढंच लिहिलं. मला या गोष्टीत घावण्यांहून हेच मोठं वाटतं. एरवी फेकून देतो तेच विकायला काढलं की माणसाची जीभ सैल सुटते.

पुढच्या आठवड्यात बागेत गडी नेहमीसारखे बी पिळून बोंडू फेकू लागले. अण्णा धोतर खोचून पुढे झाले. "बियो मागीर काढा. आधी बोंडू टपात, आणि टप सावलीत!"