कंट्रोल ग्रुपची कैफियत

एचआयव्हीचा प्रश्न विज्ञानाने सोडवला आहे, आता उरली ती फक्त वाहतूक, असे माझ्या एका आकडेबहाद्दर मित्राने मध्यंतरी लिहिले. पुढच्याच परिच्छेदात त्याने समुपदेशक, पीअर एज्युकेटर, लिंक वर्कर या सगळ्या लवाजम्याच्या हातात नारळ दिला. मग गाडी मानसिक आरोग्याकडे वळली, आणि तिथेही नुसत्या बोलणाऱ्या माणसांवर पैसे घालवण्यापेक्षा ‘सिद्ध झालेल्या’ गोष्टींवर घालवा, असा सल्ला आला. लेखाला टाळ्या बऱ्याच पडल्या. मानधनवाढीच्या मोर्चाला ज्यांना कधी तोंड द्यावे लागले आहे, त्यांच्या जरा जास्तच पडल्या असाव्यात.

त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता खरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. लेनाकापाविर नावाचे औषध वर्षातून दोनदा कातडीखाली टोचायचे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात 16 ते 25 वयाच्या मुलींवर ‘पर्पज-1’ ही चाचणी झाली. तिचे निकाल 2024 साली आले. इंजेक्शन मिळालेल्या 2,134 जणींपैकी एचआयव्हीची लागण किती जणींना झाली? शून्य. साथरोगांच्या अभ्यासात हा आकडा सहसा भेटत नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली. अमेरिकेत वर्षाची किंमत ठरली 28,218 डॉलर. गरीब देशांसाठी हैदराबादच्या दोन कंपन्या 2027 पासून हेच औषध वर्षाला 40 डॉलरच्या आसपास देणार आहेत. परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे, तेव्हा ज्यांना अभिमान बाळगायचाच आहे त्यांचीही सोय झाली.

पण मित्र ज्या तक्त्यातून शून्य उचलतो, त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने आहेत. त्यातल्या मुलींना रोज एक गोळी घ्यायची होती. एका प्रकारच्या गोळीच्या गटात 2,136 पैकी 39 जणींना लागण झाली, दुसऱ्या प्रकारच्या गटात 1,068 पैकी 16 जणींना. पहिल्या गटातले लागणीचे प्रमाण तर त्या भागातल्या, काहीही न घेणाऱ्या मुलींहून फारसे वेगळे निघाले नाही. गोळ्या फुकट होत्या, तपासण्या वेळेवर होत्या, भेटीगणिक समुपदेशन होते. रक्त तपासल्यावर कळले की बहुतेकींच्या पोटात गोळी नियमित जातच नव्हती, आणि महिने सरले तशी ती आणखी कमी जाऊ लागली. शून्याची बातमी जगभर झाली. या 55 मुलींची कुठे झाली नाही.

ही कहाणी नवीही नव्हती. 2009 ते 2012 च्या दरम्यान ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे या देशांत झाली होती. तिच्यात 5,029 स्त्रिया होत्या. काहींना गोळ्या दिल्या, काहींना योनिमार्गात लावायचे जेल. नियमित घेता का, असे विचारल्यावर उत्तरांची सरासरी निघाली 90 टक्के. परत आणलेल्या बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा हिशेब आला 86 टक्के. आणि रक्तात औषध सापडले ते 30 टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांत. म्हणजे बाटलीतून गोळ्या बाहेर तर पडत होत्या, मात्र कुठे जात होत्या कोण जाणे. संशोधकांनी मग त्या स्त्रियांशी पुन्हा बोलून कारणे शोधली. घरात गोळ्यांची बाटली दिसली की ती बाई आजारीच असणार, असे नवरा, सासू आणि शेजारीण धरून चालत. निरोगी माणसाने औषध का घ्यावे, हेही अनेकींना पटत नव्हते. आपल्याकडे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी सेंटरबाहेर पडताना बाटलीवरचे लेबल खरवडून काढणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

इथे मी समुपदेशकांची वकिली सुरू करावी, अशी मित्राची अपेक्षा असणार. ती मी अनेक वर्षे केली आहे आणि आजही करीन. पण ‘व्हॉइस’चा तक्ता समोर ठेवून ती करणे अवघड आहे. या स्त्रिया खोटे बोलत होत्या ते कुणाशी? प्रेमळ, प्रशिक्षित, दर महिन्याला न चुकता भेटणाऱ्या समुपदेशिकेशीच. समोरची बाई चांगली आहे, तिला वाईट वाटू नये, शिवाय तिच्या हातात रजिस्टर आहे. म्हणून हो म्हणायचे. माणुसकीचा स्पर्श हा शब्दप्रयोग आपण फार सैल हाताने वापरतो. ज्या स्पर्शाला दर महिन्याला अहवाल भरायचा असतो, त्याच्यापुढे माणसे गृहपाठ केल्याचा बहाणा करतात. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाने त्या मुलीला नवऱ्याच्या नजरेतून सोडवले, हे तर झालेच. त्याने तिला आमच्यासारख्या हितचिंतकांच्या नजरेतूनही सोडवले. मित्राच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा मला सुचत नाही. त्याला तो सुचला नाही, कारण शून्याखेरीज दुसरा रकाना त्याने वाचलाच नाही.

आता त्याच्या दैवताकडे वळतो. लेखात तीनदा आर्ची कॉक्रनचे नाव आले आहे: पुरावा नाही तर पैसे नाहीत, असे ठणकावणारा तो स्कॉटिश डॉक्टर. कॉक्रनचे नाव घेणारे लोक त्याला बहुधा कारकून समजतात. माझ्या मते तो विसाव्या शतकातल्या वैद्यकातला सगळ्यांत खट्याळ माणूस होता, आणि सगळ्यांत दुखरा.

तरुणपणी एका खासगी तक्रारीसाठी तो बर्लिनला गेला, फ्रॉइडचा शिष्य थिओडोर राइक याच्याकडे. हिटलर आल्यावर राइक व्हिएन्नाला आणि पुढे हेगला गेला, तर कॉक्रनही त्याच्यामागे गेला. इतके मनोविश्लेषण पचवून त्याच्या हाती काय लागले? ज्या सिद्धांताची परीक्षाच घेता येत नाही त्याबद्दलचा कायमचा संशय. मग वैद्यकीचे शिक्षण, मध्येच स्पेनच्या यादवीत रुग्णवाहिका पथक. लंडनच्या एका मोर्चात तो एकटाच वेगळा फलक घेऊन चालला होता. जे उपचार गुणकारी आहेत ते सगळे फुकट मिळाले पाहिजेत, अशी त्यावरची मागणी होती. सरकारवाल्यांना ती आवडली नाही आणि डाव्यांनाही नाही, कारण त्यातला ‘गुणकारी’ हा शब्द दोघांच्याही घशात अडकत होता.

1941 मध्ये क्रीट बेटावर तो जर्मनांच्या हाती सापडला. सॅलोनिकाच्या युद्धकैदी छावणीत उपासमारीने कैद्यांचे पाय सुजू लागले. त्याने वीस जण निवडले. दहांना काळ्या बाजारातले यीस्ट दिले, दहांना स्वतःजवळचे जीवनसत्त्व क. चौथ्या दिवशी यीस्टवाल्यांची तब्येत उघड सुधारली, आणि हा कागद दाखवून त्याने जर्मनांकडून सगळ्या छावणीसाठी यीस्ट काढले. पुढे ही आपली पहिली, सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत यशस्वी चाचणी होती, असे तो थट्टेने सांगे.

युद्धानंतर तो साउथ वेल्समधल्या खाणकामगारांच्या छाताडांचा अभ्यास करत राहिला. 1972 च्या त्याच्या छोट्या पुस्तकाने ब्रिटिश वैद्यकाची झोप उडवली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला अतिदक्षता कक्षात ठेवावे की घरी, यावर एक चाचणी सुरू होती. पहिल्या काही महिन्यांत रुग्णालयात मृत्यू किंचित जास्त होते. फरक निर्णायक नव्हता. हृदयतज्ज्ञांच्या बैठकीत कॉक्रनने मुद्दाम रकाने उलटे करून आकडे सांगितले, म्हणजे घरी जास्त मृत्यू. तज्ज्ञ भडकले. ही चाचणी अनैतिक आहे, आत्ताच्या आत्ता थांबवा! त्यांना यथेच्छ बोलू दिल्यावर त्याने माफी मागून खरे आकडे पुढे ठेवले आणि विचारले, मग आता अतिदक्षता कक्ष आत्ताच्या आत्ता बंद करायचे ना? खोलीत कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

याच माणसाच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. जर्मनीतल्या एल्स्टरहोर्स्टच्या छावणीत एक तरुण सोव्हिएत कैदी रात्री आणला गेला. मरणाच्या दारात होता आणि किंचाळत होता. बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून कॉक्रनने त्याला आपल्या खोलीत ठेवले. दोन्ही फुप्फुसांत पोकळ्या होत्या, प्लुरसीचे, म्हणजे फुप्फुसांच्या आवरणाच्या दाहाचे, घर्षण ऐकू येत होते. कॉक्रनने तेच दुखण्याचे कारण धरले. मॉर्फिन नव्हते, ॲस्पिरिनचा उपयोग झाला नाही, रशियन धड कुणालाच येत नव्हते. शेवटी न राहवून तो पलंगावर बसला आणि त्या पोराला त्याने कुशीत घेतले. किंचाळणे जवळजवळ तत्क्षणी थांबले. काही तासांनी तो शांतपणे गेला. ओरडणे प्लुरसीचे नव्हते, एकटेपणाचे होते, असे कॉक्रनने लिहून ठेवले. आपले निदान चुकल्याची त्याला इतकी लाज वाटली की ही गोष्ट त्याने कित्येक वर्षे कुणाला सांगितली नाही.

भाबडे लोक या गोष्टीतून मिठी हे औषध असल्याचे तात्पर्य काढतील. मला तिच्यातला ‘निदान’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एकटेपणाकडे त्याने करुणेचा विषय म्हणून नव्हे, तर चुकलेले निदान म्हणून पाहिले. आणि निदान म्हटले की मोजणी आली, चाचणी आली.

ती चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झालेली आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने केलेल्या ‘मानस’ प्रयोगाचे निकाल 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण, बारा सरकारी केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने. निम्म्या ठिकाणी स्थानिक समुपदेशक दिला, आरोग्याची पार्श्वभूमी नसलेला, काही आठवडे शिकवून तयार केलेला. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक मिळालेल्यांपैकी सुमारे 66 टक्के बरे झाले, न मिळालेल्यांपैकी 42 टक्के. जगभर हाच आकडा गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता.

मात्र खासगी दवाखान्यांत काहीच फरक पडला नाही. समुपदेशक मिळालेले 64 टक्के, न मिळालेले सुमारे 66. मित्राने हा निकाल ‘समुपदेशन निष्प्रभ’ या मथळ्याखाली टाकला आहे. आकडे पुन्हा वाचा. खासगी दवाखान्यातला कंट्रोल ग्रुप, ज्याला नवे काहीही दिले नव्हते, तो सरकारी केंद्रातल्या समुपदेशन घेतलेल्या गटाइतकाच बरा झाला! तिथे आधीपासून काहीतरी चालू होते. माझा तर्क असा आहे: तिथला एकटा बसणारा डॉक्टर पेशंटच्या आईला, जावेला आणि कर्जालाही ओळखत होता. मुलगा आखातातून परतला का, हे प्रिस्क्रिप्शन लिहितालिहिता विचारत होता. त्याला कुणी समुपदेशक म्हटले नाही, त्याचे मॅन्युअल छापले गेले नाही, म्हणून तो ‘नेहमीची सेवा’ या रकान्यात गेला. आपल्या शहरांतून हा फॅमिली डॉक्टर आपण भराभर संपवत आणला आहे. त्याच्या जागी पॅकेज, साखळी क्लिनिके आणि 14416 या क्रमांकावरची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा. या सेवेला मी नावे ठेवत नाही. अपरात्री फोन उचलणारे कुणीतरी असणे ही साधी गोष्ट नव्हे. पण नेहमीच्या सेवेचा रकाना रिकामा करायचा आणि मग त्याच्याशी तुलना करून नव्या प्रयोगाचे यश मोजायचे, हा हिशेब मला पटत नाही.

बाकीचे पुरावे धावतच सांगतो. हरारेत डिक्सन चिबांडा यांच्या ‘फ्रेंडशिप बेंच’वर रुग्णांशी बोलायला आज्या बसतात. 2016 च्या चाचणीत सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे त्यांच्याकडे आलेल्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांत उरली, इतरांपैकी निम्म्यांत. त्या रुग्णांपैकी दहांत चार एचआयव्हीसह जगणारे होते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने अठरा महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर नेले. यातले एकही काम इंजेक्शनाने होणारे नाही.

मग ‘व्हॉइस’मधली समुपदेशिका आणि हरारेतली आजी यांच्यात फरक काय? सांगलीच्या ‘संग्राम’ आणि ‘व्हॅम्प’ या संघटनांच्या बायकांकडे पाहिले की मला तो दिसतो. 1992 पासून तिथे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनीच एकमेकींपर्यंत कंडोम पोहोचवले. त्या कुणाच्या आज्ञापालनाची मोजदाद करायला गेल्या नव्हत्या. पोलिसांचा छळ, गुंड, मुलांची शाळा हे सगळे घेऊन गेल्या आणि कंडोम त्यातच आला. त्याच गल्लीत राहणाऱ्या बाईशी खोटे बोलून मिळणार काय? 2005 मध्ये, वेश्याव्यवसायाचा निषेध करणाऱ्या प्रतिज्ञेची अट आली तेव्हा ‘संग्राम’ने अमेरिकी पैसा नाकारला. मित्राच्या कोष्टकात हा निर्णय ‘निधीची हानी’ ठरेल. माझ्या कोष्टकात विश्वास नावाच्या औषधाची मात्रा तिथून सुरू होते.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत, ज्या देशात ते शून्य सिद्ध झाले त्याच देशात, घरोघरी जाणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. जीवरक्षक उपचारांना सूट दिली गेली. प्रतिबंधक औषध मात्र फक्त गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांसाठी चालू ठेवले. बाकीच्या मुलींनी काय करायचे, याचे उत्तर त्या फर्मानात नव्हते. पर्पज-1 मध्ये सव्विसाव्या आठवड्याचे इंजेक्शन नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींनी वेळेवर घेतले. चाचणीत त्यांना आठवण करणारे होते, येण्याजाण्याची सोय होती. गल्लीत ती कोण करणार?

तेव्हा माझी मागणी चाचणीचीच आहे. भारतात हे इंजेक्शन येईल तेव्हा दोन गट करा, दोघांनाही तेच औषध द्या. एका गटात दोन वर्षे तीच ओळखीची बाई, पुरेशा पगारावर आणि रजिस्टरविना. दुसऱ्यात मोबाइलवरचा संदेश. किती जणी परतल्या, आणि परतलेल्यांची झोप-भूक कशी आहे, दोन्ही मोजा. मी पैज बाईवर लावतो. निकाल जाहीर करताना मात्र कुणीतरी रकाने आधी उलटे करून सांगा. मेसेज जिंकला असे ऐकल्यावर मी त्या चाचणीत कोणकोणत्या त्रुटी काढतो, ते लिहून ठेवा.