निम्मं, पाव, अर्धपाव

रविवारची सकाळ. पुनावळ्याचा भुयारी मार्ग अजून मोकळा आहे. रावेतपर्यंत एक चक्कर मारून या, गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा. बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहा.

ही ऊब ओळखीची आहे. रोज संध्याकाळी हिंजवडीहून परतताना याच भुयारी मार्गाशी गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे तेल वाहून नेतं. एका बाजूची पाती तेलाला ढकलतात, तेल समोरच्या पात्यांना फिरवतं. चाकं अडली की इंजिनाची ती ओढ तेल सोसतं आणि तापतं. त्या तेलाची आज आठवण काढा; ते बदलायचं आहे.

आता हळू व्हा. तेल कोमट होऊ द्या. नुसत्या जॅकवर पेललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड लावा, हलवून पाहा. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट खोलण्याआधी भरण्याचा बोल्ट सैल होतो ना, तपासा. भरायची वाट हाती आली की मगच सोडायचं.

धार पडू द्या. घाई नको. नवं असताना बहुधा लालभडक असलेलं तेल आता काकवीसारखं दिसेल. वास घ्या: करपट आहे का? बोल्टला चुंबक असेल, तर त्यावरचा मऊ राखाडी लेप बोटावर घ्या. ही वर्षांची झीज आहे, तिला घाबरू नका. धातूचे तुकडे दिसले, तर मात्र जाणत्या मेकॅनिककडे जा.

निघालेलं तेल मोजा. नवा वॉशर लावून बोल्ट बसवा आणि कंपनीने सांगितलेलंच तेल, तेवढंच भरा. गाडी खाली घ्या, इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवा. पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच पाहा.

आता शांत बसा. कन्व्हर्टरमधलं तेल खालच्या बोल्टने निघत नाही. आज निम्मं निघालं असं धरा. उरलेलं निम्मं नव्यात मिसळलं. पुढच्या वेळी जुनं पाव उरेल, त्यापुढे अर्धपाव, मग छटाक. शून्य कधीच येत नाही, आणि गाडीला शून्य लागतही नाही. मनात साचलेलंही असंच असतं. एका बैठकीत रितं होत नाही म्हणून बैठक वाया जात नाही.

काढलेलं तेल डब्यात बंद करून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत पोचवा. गटारात ओतलेलं पवना नदीला गाठतं. आपण सोडलेलं तिने का वाहावं?

हात पुसा. एक लांब श्वास घ्या.

आज निम्मं. पुढच्या रविवारी पाव.