अद्भुत प्रेमकथा आणि घरांतलें सत्य

अग्नि ओकणाऱ्या ड्रॅगनावर स्वार झालेल्या नायिकेची प्रेमकथा एखादी सुशिक्षित मुलगी रात्र रात्र जागून वाचूं लागली, म्हणजे वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात. साताऱ्यास काय आणि सांगलीस काय, तक्रार एकच. २०२३ सालीं निघालेल्या रेबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’ या अमेरिकन कादंबरीनें हा छंद फार वाढविला. परंतु हें खूळ आजचें नव्हे. आमची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आणि ‘मंजुघोषा’ १८६८ सालची.

‘मंजुघोषे’चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनीं प्रस्तावनेंत आपली अडचण प्रांजळपणें सांगितली आहे. आमच्या विवाहपद्धतीमुळें व इतर कारणांनीं नित्याच्या आयुष्यांत मन वेधणारें असें कांहीं घडत नाहीं. तेव्हां मनोरंजन करावयाचें तर अद्भुताचा आश्रय करणें भाग आहे, असा त्यांचा आशय. या कबुलींत आकर्षणाचें मूळ सांपडतें. ज्या समाजांत मुलीचें लग्न तिला समज येण्यापूर्वींच उरकलें जाई, तेथें निवडीचें सुख कल्पनेंतच शोधावें लागे. ‘फोर्थ विंग’मध्येंहि दुबळी गणलेली मुलगी महाबलाढ्य ड्रॅगनाकडून निवडली जाते. पाहुण्यांपुढें पोहे ठेवून त्यांच्या होकाराची वाट पाहणाऱ्या मुलीस ही कल्पना गोड वाटली, तर दोष एकट्या तिचा कसा?

मग या कथांत उणें तें काय? ड्रॅगन खोटा आहे, हें उणें नव्हे. जटायूलाहि आम्ही प्रेमानें स्वीकारलेंच आहे. उणें हें कीं, निवड झाली म्हणजे सर्व साधलें, असें यांतील पुष्कळ कथा भासवितात. नायकाचा राग, मत्सर, हट्ट हीं सारीं प्रेमाचींच चिन्हें ठरतात. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळें सांगलीकरांस नागाची ओळख जुनी आहे. खरा नाग भक्ति जाणत नाहीं. त्याचा स्वभाव ओळखूनच त्याच्याशीं वागावें लागतें. कथेंतला ड्रॅगन मात्र नायिकेचें मन तिनें न बोलतां जाणतो. संसारांतलीं माणसें बोलल्यावांचून, आणि पुष्कळदां बोलूनहि, समजत नाहींत.

हरिभाऊ आपट्यांच्या १८९० ते १८९३ या काळांत प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्यें एकहि राक्षस नाहीं. तरी विधवा यमूच्या केशवपनाचा प्रसंग कोणत्याहि राक्षसाहून भयंकर वाटतो. कारण तें करविणारीं माणसें घरचींच असतात.

यास्तव मुलीच्या हातांतलें पुस्तक हिसकावून घेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तूं निवडली जाण्यास पात्र आहेस, एवढें अद्भुतकथा तिला सांगते. स्वतः कसें निवडावें आणि निवडल्यावर कसें नांदावें, हें शिकविण्याचें काम वास्तव कादंबरीचें, व त्याहून अधिक घराचें. घरांत तिच्या नकारास किंमत असेल, तर ड्रॅगन करमणुकीपुरता राहील. नसेल, तर तिला तोच एक आपला वाटेल.