पन्नाशीतील वस्त्रे

पन्नाशीच्या उंबरठ्यावर कपाट उघडले की निम्मी वस्त्रे अंगास येत नाहीत, असे आढळते. तरी ती आपण जपून ठेवतो. जणू गेलेली काया परत येणार आहे! नवी घेणे मात्र डामडौल वाटतो, आणि रानातील भूकमळांचा दाखला चटकन पुढे येतो. तो दाखला चिंतेविरुद्ध आहे, नीटनेटकेपणाविरुद्ध नव्हे. नीतिसूत्रांच्या अखेरच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री स्वतः तलम तागाची वस्त्रे वापरते.

म्हैसूरचा सरकारी रेशीम विणकाम कारखाना 1912 साली नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीत सुरू झाला, तो आजही चालू आहे. तेथील क्रेप रेशमाची साडी अंगावर हलकी, किमतीला जड. पण साडीला देहाचे माप लागत नाही. उसवावे लागते ते पोलके. वर्षानुवर्षे नेसता येणारी अशी एकच साडी पाच स्वस्त साड्यांपेक्षा बरी, असे मला वाटते. (धाग्यासाठी कोशातील किडा मरतो, हा सल राहतोच.)

मग जुन्या वस्त्रांचे काय? बाप्तिस्मा करणारा योहान दोन अंगरख्यांविषयी बोलला, तेव्हा दोन्ही घालण्याजोगेच होते. आपण देतो ते बहुधा विरलेले, बटणे तुटलेले.