अभिमान की कौतुक?

आपल्या लेकराचा अभिमान वाटणे, हे पाप आहे काय? सात प्रमुख पापांत गर्वाला पहिले स्थान आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. तरीही बौद्धिक अक्षमता असलेली एखादी मुलगी मैदानावर पन्नास मीटर धावून येते, तेव्हा काठावर उभ्या असलेल्या तिच्या आईचा ऊर भरून येतो. त्या भावनेला काय म्हणावे?

संत थॉमस अॅक्वायनस यांच्या मते गर्व म्हणजे स्वतःच्या श्रेष्ठत्वाची बेताल ओढ. यातील ‘स्वतःच्या’ हा शब्द महत्त्वाचा. मुलाचे गुण, नोकरी, परदेशगमन यांत आईबाप पुष्कळदा स्वतःचाच चेहरा न्याहाळतात. मूल मग घराण्याचा आरसा होते. आणि आरशाला तडा असला, तर तो पाहुण्यांच्या नजरेआड ठेवला जातो.

अमेरिकेतील केनेडी हे कॅथलिक कुटुंब सर्वश्रुत आहे. जोसेफ केनेडी यांना नऊ मुले, आणि प्रत्येकाने पहिले यावे ही त्यांची जिद्द. थोरली कन्या रोझमेरी मात्र बौद्धिक विकासात मागे राहिली. १९४१ साली वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविली. तिने ती कायमची परावलंबी झाली व वर्षानुवर्षे लोकांच्या दृष्टीआड राहिली. वडिलांचे तिच्यावर प्रेम नव्हते, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु यश हेच जेथे माप ठरते, तेथे प्रेमाचीही वाट चुकते.

त्याच घरातील धाकटी बहीण युनिस श्रायव्हर यांनी १९६२ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी क्रीडाशिबिर भरविले आणि त्याच वर्षी बहिणीविषयी नियतकालिकात उघडपणे लिहिले. २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथे पहिली स्पेशल ऑलिंपिक्स स्पर्धा झाली; सुमारे १,००० खेळाडू आले. पुढे हे कार्य जगभर पसरले. २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत आपल्या भारतीय खेळाडूंनी २०० हून अधिक पदके मिळविली.

या स्पर्धांत वय व क्षमता पाहून सारख्या कुवतीच्या खेळाडूंचे लहान गट पाडतात. पहिल्या तिघांना पदके मिळतात, मागून येणाऱ्यांनाही फीत लावून गौरविले जाते. कोणी म्हणेल, हे तर नुसते लाड! पण शिट्टी ऐकून निघणे, आपली रेघ न सोडणे, शेवटपर्यंत न थांबणे, हे शिकायला त्या मुलीला किती महिने लागले, ते आई जाणते. मंदिरात विधवेने टाकलेली दोन नाणी प्रभू येशूने श्रीमंतांच्या दानाहून मोठी मानली, ती दयेपोटी नव्हे. तिने आपल्या गरिबीतून सर्वस्व दिले होते; म्हणून ते दान खरोखरच मोठे होते. या मुलीच्या धावण्याचा हिशेबही असाच करावा लागतो.

आईच्या मनातील त्या भावनेला आपल्या मराठीत सुंदर शब्द आहे: कौतुक. गर्वाला तुलना लागते. कौतुकाला समोरचे लेकरू पुरते. ‘माझी मुलगी पहिली आली’ यात ‘माझी’वर जोर असू शकतो. ‘ती पोहोचली!’ या उद्गारात आई स्वतःला विसरलेली असते.

मात्र येथेही मोह आहेच. ती फीत म्हणजे आपण सोसलेल्या दुःखाची भरपाई, असे मानले की आरसा पुन्हा भिंतीवर चढतो. शिवाय जे मूल धावूच शकत नाही, अंथरुणावरून उठू शकत नाही, त्याचे काय? यार्देन नदीवर स्वर्गीय पित्याने आपल्या पुत्राविषयी संतोष प्रकट केला, तेव्हा प्रभूने एकही चमत्कार केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते. पित्याचा आनंद कार्याच्या आधीचा होता. म्हणून धावण्याचे कौतुक जरूर करावे; पण प्रेम त्या धावेवर अवलंबून ठेवू नये.

ही जबाबदारी एकट्या आईबापांची नाही. आपल्या धर्मग्रामातील अशी किती मुले रविवारच्या मिस्साला येतात? त्यांच्या आवाजाने मान वळवून पाहणाऱ्या नजरांमुळे किती कुटुंबे घरीच थांबतात? सणाच्या क्रीडास्पर्धांची यादी करताना त्यांची नावे आपल्याला आठवतात काय? आईला आपल्या लेकराचे कौतुक चारचौघांत निःसंकोच करता यावे, एवढी जागा आपण तिला दिलीच पाहिजे.